पाठमोरे साहेब

जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं साहेब बिबट्याचं नाव घेत नसत. सिंहाला सिंह म्हणत, हत्तीला हत्ती म्हणत, तरसाला तर चारचौघांत शिव्या देत. बिबट्या मात्र 'तो'. "यंदा तो भेटेल असं वाटतंय," असं साहेब म्हणाले की नवख्या माणसाला वाटायचं, यांचा कोणी भाऊबिऊ घर सोडून गेलेला दिसतोय. लागोपाठ आठ वर्षं केनियाला जाऊन आलेल्या या माणसाला बिबट्या एकदाही दिसला नव्हता. शेपूटसुद्धा नाही.

साहेब आमच्या कंपनीत सेफ्टीचे मोठे अधिकारी. दोह्याहून पश्चिमेला तासाभरावर दुखानला तेलाचं फील्ड आहे, तिथल्या कॉलनीत ते आणि वहिनी राहत. मूळचे सांगलीचे. मी त्याच कंपनीच्या दोह्यातल्या ऑफिसात, राहायला फरीज बिन ओमरानमधल्या एका फ्लॅटमध्ये, वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि त्यांच्या मते एक अत्यंत अनसेफ माणूस. अनसेफ ठरायला फार काही करावं लागत नसे. आमची पहिली भेट ऑफिसच्या जिन्यात झाली. मी कठड्याला हात न लावता उतरत होतो आणि साहेब खालच्या पायरीवर उभे होते. "परत वर जा," ते म्हणाले. मी गेलो. "आता कठडा धरून या." आलो. "शुक्रन," असे अरबीत आभार मानले आणि मग नाव विचारलं. मराठी आडनाव ऐकून त्यांना आनंद झाला असावा, पण चेहऱ्यावर त्यांनी तो येऊ दिला नाही.

तेलाच्या फील्डवर रोज सकाळी कामाआधी 'टूलबॉक्स टॉक' असतो. कामगार गोल करून उभे राहतात, सेफ्टीवाला त्या दिवसाचा एक धोका समजावून सांगतो, सगळे कागदावर सह्या करतात आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून कामाला लागतात. पाच मिनिटांचा मामला. साहेबांचा टॉक पंधरा मिनिटं चाले आणि त्यात मध्ये तोंड उघडायला सक्त मनाई. "क्वेश्चन्स अ‍ॅट द एंड" हे त्यांचं ब्रीद. एकदा म्हणे टॉक चालू असताना एका फोरमनच्या बुटावर विंचू चढला. तो गृहस्थ शेवटपर्यंत हूं की चूं न करता उभा राहिला आणि "एनी क्वेश्चन्स?" झाल्यावरच त्याने हात वर केला. ही गोष्ट साहेब स्वतः कौतुकाने सांगत. त्या फोरमनला त्यांनी त्या महिन्याचं सेफ्टीचं बक्षीस दिलं होतं.

हीच शिस्त घेऊन साहेब आफ्रिकेत जात. दरवर्षी ईदच्या सुट्टीत दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळातली पाच-सहा माणसं त्यांच्याबरोबर निघत. दोह्याहून नैरोबी पाच-सहा तासांवर, पण त्याआधी सहा आठवडे तयारी. माझा फ्लॅट सगळ्यांना सोयीचा म्हणून 'इंडक्शन' माझ्या हॉलमध्ये व्हायचं. हजेरीचा कागद फिरायचा. निळे कपडे नकोत, त्सेत्से माशी चावते. पांढरे नकोत, जनावर बुजतं. माझ्या बायकोने एक नारिंगी कुडता दाखवून विचारलं, "साहेब, हा चालेल? जनावरांना नारिंगी रंग नीट दिसत नाही असं वाचलंय मी."

"त्यांना दिसत नसेल. मला दिसतो," साहेब म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मग सराव. दुखानच्या वाटेवर शहानियाला उंटांच्या शर्यतीचं मैदान आहे. पळत्या जनावराबरोबर कॅमेरा कसा फिरवायचा, हे शिकवायला साहेब आम्हाला शुक्रवारी पहाटे तिथे उभं करत. "उंट म्हणजे काय? सावकाश पळणारा चित्ता. तो ज्याला जमला त्याला चित्ता जमला." आम्ही शेकडो उंट टिपले. नुसते पाय आले, नुसत्या माना आल्या, एकदा मला उंटाऐवजी शेजारून पळणाऱ्या लँड क्रूझरमधले मालक अतिशय सुरेख मिळाले. साहेबांनी तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "फोकस चांगला आहे. जनावर चुकलंय."

त्यांच्या सामानात सगळ्यांत मोलाच्या वस्तू म्हणजे दोन पिशव्या. गाडीच्या टपावर कॅमेरा टेकवायला खाली मऊ पिशवी लागते. बाकीचे लोक रिकामी पिशवी नेतात आणि तिथे गेल्यावर मिळेल ते भरतात. साहेब दोह्याहून भरून नेत. एका पिशवीत कोलम, दुसरीत मूगडाळ. यावर त्यांनी प्रयोग केले होते. तूरडाळ घसरते, शेंगदाणे चुरचुरतात, साबुदाणा चिकटतो. शेवटच्या दिवशी या पिशव्यांवरचा फोटोग्राफीचा भार संपला की वहिनी आम्ही उतरायचो त्या तंबूंच्या स्वयंपाकघरात शिरून त्याच तांदळाची आणि त्याच डाळीची खिचडी टाकत. आठवडाभर ज्यावर सिंह, गेंडे आणि म्हशी टिपल्या गेल्या ते सगळं आम्ही तूप घालून खायचो. खरं सांगतो, उत्तम लागायची.

वहिनी चिपळूणच्या. मोजकं बोलायच्या. सफारीत त्यांची जागा ठरलेली होती. साहेब मधल्या सीटवर, आणि त्यांच्या बरोबर मागे वहिनी, मांडीवर लेन्सची बॅग घेऊन. जनावर दिसलं की साहेब टपाच्या उघड्या भागातून ताडकन उभे राहत, डावा हात मागे करत आणि बोटांनी आकडा दाखवत. एक बोट म्हणजे लांबची लेन्स, दोन बोटं म्हणजे जवळची, मूठ म्हणजे बॅटरी. वहिनी बॅगेत मान घालून ती वस्तू काढत आणि त्या हातात ठेवत. ऑपरेशन थिएटरमधली नर्स करते तसं, फक्त त्यांना कोणी सुट्टी दिली नव्हती. आम्ही बाकीच्यांनी तोपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. साहेबांचे फोटो मात्र खरोखर चांगले असत. सिंहाच्या मिशीवरचं रक्त, पिल्लाला ओढ्यातून ढकलणारी हत्तीण, धुळीत बसलेला म्हातारा गेंडा. मंडळाच्या कॅलेंडरवर दरवर्षी बारा महिने साहेबच असत.

आणि बारा महिन्यांत 'तो' नसे.

इतरांना तो दिसायचा, हे साहेबांचं खरं दुखणं. आमच्यात वसईचा ग्लेन आहे. इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. तो आणि त्याची बायको रिटा एकदा दक्षिण आफ्रिकेत भाड्याची गाडी घेऊन हिंडत होते. रिटाचा गॉगल सीटखाली पडला म्हणून गाडी थांबवली, आणि समोर रस्त्यावर बिबट्या येऊन बसला. ग्लेनने मोबाइलवर फोटो काढला. दोह्यात परत आल्यावर या भल्या माणसाने तो साहेबांना दाखवायला दुखानपर्यंत गाडी हाकली. साहेबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"बरा आहे," म्हणाले. "डावा कान कापला गेलाय."

"अहो साहेब, तो एवढा जवळ आला ना, फ्रेममदे मावंनाच!" ग्लेन म्हणाला.

त्यानंतर दोन महिने साहेबांनी ग्लेनचा फोन उचलला नाही. वहिनीच परस्पर फोन करून रिटाची चौकशी करायच्या.

मग साहेब साठीला आले. आमच्याकडे साठी म्हणजे खलास. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की वीस-पंचवीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून निघायचं. मुलाने पुण्याहून कळवलं की आता गुडघे सांभाळा आणि घरी बसा. साहेबांनी सांगलीला फ्लॅट घेऊन ठेवला होता आणि त्याच्या हॉलमधली एक आख्खी भिंत कोरी ठेवली होती. वर दिवाही बसवून झाला होता. खाली काय लागणार, हे वहिनींनी आम्हाला सांगायची गरज नव्हती. नववी खेप शेवटची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब त्याबद्दल बोलत नव्हते, पण त्या वर्षी इंडक्शनला त्यांनी नारिंगी कुडत्यालासुद्धा हरकत घेतली नाही, तेव्हा मला जरा धस्स झालं.

शेवटच्या खेपेला आम्ही सहाजण होतो. साहेब, वहिनी, ग्लेन, रिटा, मी आणि माझी बायको. ड्रायव्हर जोसेफ. जोसेफ त्याच भागातला, लहानपणी गुरं राखलेला, दोन मैलांवरची हालचाल नुसत्या डोळ्यांनी सांगणारा. त्यालाही साहेब रोज सकाळी टूलबॉक्स टॉकला उभं करत आणि कागदावर सही घेत. 'आजचा धोका: सिंह' या ओळीखाली जोसेफ दरवर्षी गंभीर चेहऱ्याने सही करायचा.

तिसऱ्या दिवशी टॉक चालू असताना रिटाने हळूच "जिराफ!" म्हटलं. साहेब थांबले. खिशातून त्यांनी पिवळं कार्ड काढलं. कार्ड खरोखरीचं, प्लास्टिक चढवलेलं. "जिराफ अठरा फूट उंच आहे. तो पाच मिनिटांनीही दिसेल," ते म्हणाले. "टॉकमध्ये बोलणं म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. नो एक्सेप्शन्स." रिटाचे डोळे भरून आले. ग्लेनने जबडा आवळला. त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी ठरवलं की यापुढे आकाश कोसळलं तरी टॉकमध्ये अवाक्षर काढायचं नाही. शिक्षा म्हणून ठरवलं होतं आम्ही, पण कोणाला, ते तेव्हा कळलं नाही.

पाचव्या दिवशी उजाडताना आम्ही तंबूंपुढच्या मोकळ्या जागेत उभे होतो. जूनमध्ये तिथे पहाटे चांगलीच थंडी असते. स्वेटर, कानटोप्या, शाली, तरी दात वाजत होते. साहेब आमच्याकडे तोंड करून, नदीकडे पाठ करून उभे. त्यांच्याकडे टॉकची ठरलेली कार्डं होती, सिंहाचं एक सोडलं तर सगळी दुखानची, आणि ती ते क्रमाने घेत. त्या दिवशीचं कार्ड होतं 'उष्माघात'.

आता दुखानला जूनमध्ये पन्नास अंशांत उभ्या असलेल्या माणसाला उष्माघाताचं सांगणं ठीक. इथे आम्ही तोंडातून वाफा सोडत होतो. पण क्रम म्हणजे क्रम. साहेबांनी एक रंगीत तक्ता उलगडला. कामगारांना अंगातलं पाणी कमी झालंय का ते कळावं म्हणून फील्डवरच्या संडासात लघवीच्या रंगांचा एक तक्ता लावलेला असतो, फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत. तो तक्ता त्यांनी उजव्या हातात धरला, डाव्या हाताचं बोट वर केलं आणि सुरुवात केली.

तेवढ्यात नदीकाठच्या झुडपांतून तो बाहेर आला.

चाळीस पावलांवर एक वारूळ होतं. त्याच्यावर तो चढला आणि बसला. उन्हाची पहिली तिरीप त्याच्यावर पडली. एवढं देखणं जनावर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि आता पाहीनसं वाटत नाही. त्याने पुढचा पंजा चाटला, मान वळवली आणि आमच्या सभेकडे पाहू लागला. साहेबांच्या खांद्यावरून मला त्याचे ठिपके मोजता आले असते.

"रंग नंबर चार," साहेब म्हणाले. "इथे माणसाने सावध व्हायचं."

जोसेफने घसा खाकरला. "सर, प्लीज, बिहाइंड यू..."

साहेबांनी पंजा पसरून त्याच्याकडे धरला. मान वळवली नाही. "क्वेश्चन्स अ‍ॅट द एंड, जोसेफ."

जोसेफने माझ्याकडे पाहिलं. मी ग्लेनकडे पाहिलं. ग्लेनने तोंड मिटून आकाशाकडे पाहिलं. रिटा खाली मान घालून होती. माझ्या बायकोने माझा दंड एवढा दाबला की दुसऱ्या दिवशी तो काळानिळा झाला होता. आणि मी काय केलं? टॉकमध्ये मोबाइलला बंदी होती, तरी शालीच्या आडून मोबाइल काढला आणि एक फोटो घेतला. ओरडायला तोंड उघडलं नाही, पण फोटो घेतला.

भीती वाटली होती, हे खरं. पिवळ्या कार्डाची नव्हे. ओरडलो तर जनावर पळेल आणि साहेब वळून नुसतं गवत पाहतील, ही भीती. असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगितलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला त्या चार मिनिटांत आनंद झाला होता. ज्या माणसाने मला भर ऑफिसात जिना पुन्हा चढायला लावला, त्याच्या पाठीमागे बिबट्या बसलाय आणि तो मला लघवीचे रंग दाखवतोय, याचा हलकट आनंद. नंतर त्याची लाज वाटली, पण आधी आनंदच झाला.

बिबट्याने एक लांब जांभई दिली, वारुळावरून उतरला आणि सावकाश नदीकडे निघून गेला.

"एनी क्वेश्चन्स?" साहेबांनी विचारलं.

कोणालाच काही विचारायचं नव्हतं. आम्ही एकेक करून सह्या केल्या. जोसेफने सही करून कागद परत दिला आणि माझ्याजवळून जाताना हळूच इंग्रजीत म्हणाला, "आता सांगू नका त्यांना. आता सांगणं वाईट."

त्यानंतरचे दोन दिवस साहेबांनी आम्हाला झाडन् झाड दाखवलं. बिबट्या झाडावर असतो म्हणून प्रत्येक बाभळीखाली गाडी उभी. तो फांदीवर पाय लोंबवून निजतो म्हणून प्रत्येक लोंबणाऱ्या फांदीवर दुर्बीण. शेवटच्या दिवशी वहिनींनी खिचडी टाकली, आणि साहेबांनी पहिल्यांदाच दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. नैरोबीच्या विमानतळावर ते कॅमेऱ्याची बॅग पायात घेऊन बसले होते. पाठ ताठ होती, पण ती ताठ ठेवायला त्यांना कष्ट पडत असल्याचं दिसत होतं. मी मोबाइल खिशात घट्ट धरून त्यांच्या शेजारी बसलो होतो. मला फार वाईट वाटत होतं.

दोह्यात परतल्यावर महिन्याभराने मंडळाने साहेबांचा निरोप समारंभ ठेवला. शुक्रवारी दुपारी, एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसं, पुरी-श्रीखंड. मंडळाच्या सेक्रेटरी बाईंनी मला सफारीचे फोटो मागितले, पडद्यावर दाखवायला. मी सिग्नलला उभा असताना मोबाइलवरचा सफारीचा आख्खा अल्बम त्यांना पाठवून दिला. त्या अल्बममध्ये आणखी काय आहे, हे सिग्नल हिरवा झाला आणि मी विसरलो.

भाषणं झाली. साहेबांच्या सेफ्टीवर सगळ्यांनी ठरलेले विनोद केले. दिवे मंद झाले आणि फोटो सुरू झाले. विमानतळ, जोसेफ, झेब्रे, तंबूपुढे चहा पिणारे आम्ही. आणि मग पडद्यावर साहेब आले. दहा फूट रुंद. बोट वर, हातात तक्ता, आणि खांद्यामागे वारुळावर बसलेला बिबट्या सरळ आमच्याकडे बघतोय.

हॉल हसून कोसळला. टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांना वाटलं, निरोपाची गंमत म्हणून कोणीतरी कॉम्प्युटरवर बिबट्या चिकटवलाय. साहेबही हसले. "ग्लेन, हे तुझंच काम!" ते म्हणाले. "पण छान केलंयस." आणि कौतुकाने उठून ते पडद्याजवळ गेले.



साहेबांनी चष्मा पुसून लावला. चिकटवलेल्या फोटोत खोट कुठे असते ते त्यांना बरोबर माहीत होतं. आधी त्यांनी कडा पाहिल्या. मग सावली. "वारुळाची सावली डावीकडे," ते मोठ्याने म्हणाले, "माझीही डावीकडे. वा." लोक पुन्हा हसले. साहेब आणखी वाकले. "मागच्या पायावरून गवताचं पातं गेलंय. हे कसं कापलंस रे?" ग्लेन माझ्याकडे बघू लागला. साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं, त्या पात्यावरून ते बोट हळूहळू वर नेलं आणि तिथेच ठेवलं. हसू हॉलमध्ये अजून चालू होतं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं संपलं होतं.

"पुढचा फोटो लावा," ते म्हणाले.

त्यानंतर ते येऊन जेवायला बसले. पानात वाढलेलं सगळं संपवलं, काही टाकलं नाही. लोकांनी दिलेली शाल घेतली, आभाराचं भाषण केलं, ते भाषण चांगलं होतं. आणि मग मला त्यांना दुखानला सोडायचं होतं, कारण त्यांची गाडी गेल्याच आठवड्यात विकली गेली होती.

साहेब पुढे माझ्या शेजारी बसले, वहिनी मागे. गाव मागे पडलं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पांढरट माळ, दुपारचं ऊन.

"किती वेळ होता?" साहेबांनी विचारलं.

"चार मिनिटं असेल, साहेब."

"जोसेफला दिसला होता?"

"तो सांगत होता. तुम्ही हात केलात."

"हो. केला होता." ते समोर बघत होते. "आणि तुम्ही? फोटो काढायचं सुचलं, हाक मारायचं नाही सुचलं?"

"टॉकमध्ये बोलायचं नाही असं तुम्हीच..." मी म्हणालो, आणि माझं मलाच ते इतकं फालतू वाटलं की वाक्य पुरं केलं नाही. "चुकलं, साहेब. फार चुकलं माझं."

"त्यांना नका बोलू," मागून वहिनी म्हणाल्या. "मीही पाहिला."

साहेबांनी मान वळवली. "तू? तू कधी पाहिलास?"

"सगळ्यांच्या आधी. झुडपातून नाक बाहेर आलं तेव्हाच."

"मग?"

"मग बघत राहिले."

साहेब काही बोलायला गेले, पण वहिनी थांबल्या नाहीत. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"नऊ वर्षं येतेय मी तुमच्याबरोबर. सिंह आला की तुम्ही उभे राहता. मला काय दिसतं? तुमची कंबर. चित्ता आला, कंबर. हत्ती आला, तर कंबर आणि वर दोन कान. वर माझी मान बॅगेत. मग घरी येऊन फोटो दाखवता आणि विचारता, कसा वाटला? बरा वाटला म्हणते मी. त्या दिवशी तुम्ही तिकडे पाठ करून उभे होतात. पहिल्यांदा माझ्या आणि जनावराच्या मध्ये कोणी नव्हतं. हाक मारली असती तर तुम्ही वळला असतात, आणि मला तंबूत पिटाळलं असतंत लांबची लेन्स आणायला. मी येईपर्यंत गेला असता तो. म्हणून नाही मारली हाक."



"तुझ्या मनात सुद्धा नाही आलं," साहेब हळू म्हणाले, "की मला केवढं..."

"आलं ना. फार वाईट वाटलं मला," वहिनी म्हणाल्या. "पण बघून झाल्यावर."

मला वाटलं आता साहेब चिडतील. मनातल्या मनात मी तयारही झालो. पण ते खिडकीबाहेर पाहू लागले. एकदा त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मला काय करावं ते कळत नव्हतं.

"गाडी बाजूला घ्या," ते म्हणाले.

मी घेतली. साहेब खाली उतरले. भर हायवेवर, मागे न बघता. पुढचं दार लावलं, मागचं उघडलं.

"सरक," वहिनींना म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. मी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली.

"सांग," साहेब म्हणाले. "नाक बाहेर आलं. मग?"

"मग जरा थांबला. वारा घेत असावा."

"कान?"

"असं मध्ये विचारू नका," वहिनी म्हणाल्या. "मी पाहिलं तसं सांगते. तुम्ही डोळे मिटा बघू."

मी आरशात पाहिलं. साहेबांनी डोळे मिटले होते. वहिनी त्यांना झुडपांपासून वारुळापर्यंतचं एकेक पाऊल सांगत होत्या, मधूनच थांबत होत्या, नीट आठवून पुढे जात होत्या. साहेब ऐकत होते. वारुळापाशी पोचेपर्यंत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दुखान जवळ आलं होतं आणि त्यांचं अजून बरंच सांगायचं राहिलं होतं, म्हणून मी कॉलनीचं वळण सोडलं आणि गाडी तशीच पुढे समुद्राच्या दिशेने नेली.